अंगठा दुखतो, बाकी क्षेम

सॅन डिएगो, कॅलिफोर्निया

ती. आप्पा आणि ती. आई यांस,

मागच्या पत्रावर आप्पांचा शेरा आला होता की त्यात ‘मी’ फार आणि मजकूर कमी. शिवाय आई पत्र वाचायला बसल्या की शेजारच्या काकू आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी जमतात, आणि दर दोन ओळींनी ‘मी म्हणजे कोण, सून का मुलगा?’ असा प्रश्न निघून वाचन अडतं. तेव्हा हे पत्र वर्तमानपत्राच्या धाटणीने लिहिलं आहे. यात चिरंजीव म्हणजे तुमचे चिरंजीव, सूनबाई म्हणजे पत्र लिहिणारी, आणि नात-नातू जे आहेत तेच.

पहिली बातमी अंगठ्याची. चिरंजीव हल्ली फॅमिली ग्रुपवर नुसतं ‘हं’ पाठवतात, नवरा-बायकोत काही बिनसलंय का, असं आईंनी विचारलं होतं. बिनसलेलं काही नाही. चिरंजीवांचा उजवा अंगठा सुजला आहे आणि ‘हं’पलीकडे टाइप करणं त्यांना जमत नाही. अंगठा सुजला तो चारचाकी फटफटीमुळे. ती घेतल्याचं मागच्या फोनवर आप्पांना कळलं होतं. आईंना ‘बागेतलं गवत कापायचं मशीन’ असं सांगितलं गेलं होतं, ते त्यांनी आता विसरावं.

या गाडीला मोटरसायकलसारखी मूठ पिळायची नसते. उजव्या मुठीखाली बोटभर दांडा असतो, तो अंगठ्याने पुढे ढकलला की गाडी पळते, सोडला की स्प्रिंग त्याला परत आणते. कारण सरळ आहे. खाचखळग्यांतून जाताना हँडल हातात सारखं उसळतं आणि चालवणारा पुढे-मागे फेकला जातो. अशात पिळायची मूठ असेल तर माणूस मागे घसरला की ती आपोआप आणखी पिळली जाते, म्हणजे नको त्या वेळी गाडी सुसाट. अंगठा मात्र मागे गेला की दांडा सुटतो. रचना डोक्याने केलेली आहे, फक्त त्यात अंगठ्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. पूर्ण दुपार ती स्प्रिंग दाबून माणूस घरी आला की त्याला चहाचा कप डाव्या हातात द्यावा लागतो.

गाडी यामाहाची रॅप्टर ७००, दुसऱ्याच्या हातची. आईंसाठी सांगायचं तर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, छप्पर नाही, दार नाही, पट्टा नाही. आप्पांसाठी: एकच सिलिंडर, ६८६ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, पाच गिअर आणि वर रिव्हर्स, पेट्रोल-तेलासकट वजन १९० किलोच्या आसपास. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सरळ अ‍ॅक्सल, चेनने फिरणारा, डिफरन्शियलचं नाव नाही. दोन्ही चाकं सारखीच फिरणार, त्यामुळे वळताना एक तरी घासत जातं. चालवणाऱ्याने आतल्या बाजूला अंग टाकून मदत केली तर गाडी वळते, नाहीतर ती आपली सरळ निघते. टायरमध्ये हवा जेमतेम चार-पाच पीएसआय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात घालवलेला माणूस हा आकडा वाचून चष्मा पुसणार हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहिते: चार-पाच. पंक्चर नाही, तेवढीच असते. टायर बसका राहिला की खडी आणि वाळू धरतो.

चार चाकांआधी तीन होती. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीनचाकी आणली, जाड टायरची. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या बाँडपटात शॉन कॉनरी वाळवंटात तीच घेऊन पळतो. पुढे घरोघरची पोरं ती चालवू लागली आणि वळणांवर उलटू लागली. सरकारने कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि १९८८ मध्ये तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तीन चाकं आणि जोरातलं वळण यांचं पटत नाही, हे बिंदू चौकात रिक्षात बसलेल्या कुणीही फुकट सांगितलं असतं. तोवर सुझुकीने चारचाकीचा रस्ता धरला होता आणि १९८५ मध्ये शर्यतीची क्वाडरेसर काढली. १९८७ ची यामाहा बॅन्शी ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. तिचा आवाज आप्पांनी ऐकला तर आरएक्स १०० विकल्याचं दुःख नव्याने होईल. चिरंजीवांच्या गाडीची जात २००६ मधली. तिच्या मडगार्डवर सोळा वर्षांखालच्यांनी हात लावू नये, अशी चिकटपट्टी आहे. नातू चौदाचा आहे. ती पट्टी त्याने इतक्यांदा वाचली आहे की तिचे कोपरे निघाले आहेत.

अशी गाडी घेऊन सरळ चालवावी, निसर्ग बघावा, घरी यावं. सूनबाईंची एवढीच अपेक्षा होती. चिरंजीवांना पुढची दोन्ही चाकं उचलून मागच्या दोघांवर जायचं होतं. कॉलेजात असताना रंकाळ्यावर कुणाकुणाची पोरं हा उद्योग करायची आणि आप्पा त्यांना काय काय म्हणायचे, हे आईंना आठवत असेल. ते सगळे शब्द आता घरातच वापरता येतील.

शिक्षणाची सुरुवात मात्र रीतसर झाली, याचं श्रेय द्यायला हवं. इथे अशा गाड्यांसाठी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा अर्ध्या दिवसाचा वर्ग असतो. त्यात गाडीवर बसण्याआधी पाच गोष्टी तपासायला लावतात: टायर-चाकं, हँडलवरच्या तारा आणि लिव्हर, दिवे-वायरिंग, तेल-पेट्रोल, शेवटी चेन आणि सांगाडा. मग सुरू करणं, थांबणं, आठाच्या आकड्यात वळणं, चढ, उतार. चिरंजीवांनी सगळं मन लावून केलं आणि शेवटी हात वर करून विचारलं की चाकं उचलण्याचा भाग कधी आहे. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या सूनबाईंकडे बघितलं, आणि सांगितलं की या वर्गात चारही चाकं जमिनीवर ठेवण्याचंच शिकवतात.

तेव्हा गुरू शोधणं आलं. तो गल्लीतच निघाला. सॅन डिएगो हे अमेरिकन नौदलाचं मोठं ठाणं; हे गृहस्थ जहाजांची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेले. वय आप्पांएवढंच, बोलणं आप्पांपेक्षा कमी, गॅरेज आप्पांच्या वर्कशॉपपेक्षा स्वच्छ (हे वाक्य आप्पांनी मनावर घेऊ नये). गॅरेजात दोन क्वाड, म्हणजे अशाच चारचाकी, एकीच्या मागच्या दांडीवर घासून घासून चकाकलेली पोलादी पट्टी. ती पट्टी कशाने घासली गेली, हे चिरंजीवांना बघताक्षणी कळलं आणि त्यांनी गुरूचे पाय धरले. सूनबाईंना ते नंतर कळलं: नाक पार वर गेलं की ती जमिनीवर घासते.

शाळा भरते प्लास्टर सिटीला. नाव मोठं, वस्ती नाही. जिप्समचा कारखाना आहे आणि त्याच्या आसपास सरकारने ऑफ-रोड गाड्यांसाठी मोकळं सोडलेलं माळरान. जाण्याचा रस्ता मात्र बघण्यासारखा. सॅन डिएगोहून पूर्वेकडे निघालं की हमरस्ता बाराशे मीटरवर चढतो, म्हणजे महाबळेश्वरच्या थोडा खाली, आणि मग गोल गोल दगडांच्या घाटातून वाळवंटात कोसळतो. अजून थोडं पुढे एल सेंट्रो गाव, ते तर समुद्रसपाटीच्याही बारा मीटर खाली. परतीच्या चढावर जागोजागी रेडिएटरसाठी पाणी ठेवल्याच्या पाट्या आहेत. आंबा घाटात बॉनेट उघडून, तोंडात पान धरून उभे राहिलेले आप्पा इथे शोभले असते.

कारखान्याला खाणीतून जिप्सम आणणारी स्वतःची नॅरो गेज रेल्वे आहे, शंभर वर्षांपूर्वीपासूनची. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते, ही तीन फुटी. चिरंजीव तिकडे बघतही नाहीत. नात मात्र ती लाइन दिसली की गाडी थांबवायला लावते, कारण तिने आजोबांना फोटो पाठवायचं कबूल केलं आहे.

गुरूंनी पहिल्या दिवशी चाकं उचलूच दिली नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालायचं आणि ते ओरडले की उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबायचा, एवढंच. खाली बघायचं नाही, शोधायचं नाही, पाय त्या पेडलवरच हवा. चिरंजीवांची समजूत होती की हा सराव लहान मुलांसाठी असतो. मग गुरूंनी गाडी ट्रेलरच्या फळीवर तिरकी चढवून कारण दाखवलं, आणि ते आप्पांसाठी सविस्तर लिहिते, कारण अशी गोष्ट आप्पा रात्री वहीत चित्र काढून बघतात.

मागची चाकं जमिनीला मागे ढकलतात, जमीन गाडीला पुढे ढकलते. हा जोर लागतो जमिनीपाशी आणि गाडीचं नि माणसाचं मिळून वजन असतं वर, सीटच्या आसपास. त्यामुळे पुढे पळतानाच नाक वर जायला बघतं. त्याला खाली धरून ठेवतं ते अ‍ॅक्सलच्या पुढे असलेलं वजन. माणूस सीटवर मागे सरकला की ते वजनही मागे येतं आणि कमी जोरात नाक सुटतं. पुढची गंमत अशी की नाक जसजसं वर जातं तसतसं सगळं वजन अ‍ॅक्सलच्या डोक्यावर येत जातं, म्हणून उचलायला लागला तेवढा जोर वर ठेवायला लागत नाही. एक जागा अशी येते की काहीच लागत नाही. त्या जागेच्या अलीकडे अंगठ्याचा दांडा सोडला की गाडी आपणहून खाली येते. पलीकडे सोडून उपयोग नाही, ती मागेच जाणार, आणि एकशे नव्वद किलो माणसाच्या छातीवर येणार. तिथे फक्त मागचा ब्रेक कामाला येतो: चाकं अडली की जमिनीपाशी जोर उलटा लागतो आणि नाक खाली आपटतं. हँडलवरचा पुढचा ब्रेक कितीही आवळा, तो हवेत फिरणाऱ्या चाकांना थांबवतो, बाकी काही नाही. हँडलही तसंच. चाकं वर असताना ते वळवून गाडी वळत नाही. डाव्या किंवा उजव्या फूटपेगवर वजन टाकून ती सरकवायची. आणि खाली येताना हँडल सरळ हवं, नाहीतर चाकं टेकता क्षणी गाडी भलतीकडे हिसका घेते.

म्हणजे उतरण्याचं शिक्षण आधी आणि चढण्याचं मागून. आप्पांना हे पटणार. झाडावर चढायला शिकवताना त्यांनी चिरंजीवांना आधी फांदीवरून उडी मारायला लावली होती, ही गोष्ट आई दर दिवाळीत सांगतात.

प्रत्यक्ष उचलणं दिसतं ते असं. चिरंजीव दुसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने येतात. पहिल्यात गाडी फार हिसकते. बूड सीटच्या मागच्या कडेला, हात जवळजवळ सरळ, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरलेली. अंगठा एकदा दाबून सोडतात: गाडी पुढे दबते, पुढचे दोन्ही शॉकअप खाली बसतात. त्यांच्या स्प्रिंगा परत वर येऊ लागतात त्याच क्षणी अंगठा पुन्हा, या वेळी पूर्ण, आणि खांदे मागे. दोन्ही कामं एकाच वेळी झाली पाहिजेत. स्प्रिंग आधी उसळली आणि अंगठा मागून आला तर गाडी नुसती डुलते. अंगठा आधी गेला तर मागची चाकं जागेवर फिरून माती उडवतात आणि ती माती मागे डबे उघडून बसलेल्या कुटुंबाच्या पोळी-भाजीवर येते. जमलं तर पुढचे टायर जमिनीपासून सुटतात, जड होऊन खाली लोंबतात, सस्पेन्शन पूर्ण उघडं पडतं, आणि हेल्मेटमधून एक आवाज येतो. तो आवाज ‘आई गं’ असा असतो. आईंनी याची नोंद घ्यावी; संकटात अजून आईच आठवते, बायको नाही.

सुरुवातीला चाकं वीतभर उचलायची आणि लगेच आपटायची. चिरंजीवांच्या मते ती छातीएवढी वर गेलेली असायची. नातवाने फोनवर काढलेलं शूटिंग बाजूला बसून दाखवल्यावर वाद मिटले. हल्ली चांगली उंच जातात आणि थोडं अंतर तशीच राहतात. किती अंतर ते चिरंजीवांनी सांगितलेलं इथे लिहीत नाही.

यापुढचा परिच्छेद आप्पांनी एकट्याने वाचावा.

गाडी एकदा मागे गेली. जोर थोडा जास्त झाला, उजवा पाय पेडलवरून सरकलेला होता, आणि नाक त्या जागेच्या पलीकडे गेलं. पण गुरूंनी पहिल्याच दिवशी मनगटाला एक दोरी बांधायला लावली होती. तिचं दुसरं टोक हँडलवरच्या टोपणात असतं. माणूस गाडीपासून दूर गेला की टोपण निघतं आणि इंजिन बंद. चिरंजीवांनी हँडल सोडलं, मागच्या मागे पायांवर उतरले, चार पावलं उलटी धावले आणि मग बसले. गाडी मागच्या दांडीवर टेकली, क्षणभर उभी राहिली आणि बाजूला कलंडली. मडगार्डचं प्लॅस्टिक तडकलं. गुरू शांतपणे चालत आले, आधी गाडीचं तेल सांडलं का बघितलं, मग चिरंजीवांकडे बघितलं. सोडून उतरलास हे बरोबर केलंस, म्हणाले. धरून बसणाऱ्यांच्याच अंगावर ती येते. इथे दरवर्षी अशा गाड्यांच्या अपघातांत शेकडो माणसं जातात, हे सूनबाईंना ठाऊक आहे, चिरंजीवांनाही ठाऊक आहे. म्हणून हेल्मेट, गॉगल, छातीचं-पाठीचं कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट हे सगळं अंगावर असल्याशिवाय सूनबाई किल्ली देत नाहीत. किल्ली त्यांच्या पर्समध्ये असते. यातली हेल्मेटची सक्ती सरकारची, बाकी नियम घरचा आहे, आणि तो जास्त कडक पाळला जातो.

आता आईंनी पुढे वाचायला हरकत नाही.

थंडीत ग्लॅमिसला जाणं झालं. तिथला गाड्यांचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल; उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि शहाणी माणसं फिरकत नाहीत. मेक्सिकोच्या सीमेपासून वायव्येला साठ-सत्तर किलोमीटर नुसत्या वाळूच्या टेकड्या, काही नव्वद मीटर उंच. ‘स्टार वॉर्स’मधला १९८३ चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ आईंनी बघितलेला नाही, पण नातवाच्या खोलीतलं ते पोस्टर त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आहे. त्यातली वाळवंटातली मारामारी याच टेकड्यांत, बटरकप व्हॅलीत चित्रित झाली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत इथे हजारो गाड्या जमतात. जोतिबाच्या यात्रेला सासनकाठ्या नाचवतात, तशा इथे प्रत्येक गाडीवर लांब काठी आणि तिच्यावर झेंडा. पण हा हौसेचा मामला नाही. जमिनीपासून आठ फुटांवर केशरी किंवा लाल झेंडा लावणं इथे सक्तीचं आहे, कारण वाळूच्या टेकडीपलीकडून कोण येतंय हे कुणालाच दिसत नाही. दोघं दोन बाजूंनी एकाच माथ्यावर चढत असले तर आधी दिसतात ते झेंडे. आवाजाचीही मर्यादा आहे, ९६ डेसिबल. आपल्या विसर्जन मिरवणुकीतल्या मंडळींना तो आकडा ऐकून इथे स्मशानशांतता असेल असं वाटेल.

हायवे ७८ ला लागून उत्तरेकडे असलेल्या टेकड्यांवर गाड्यांना बंदी. तिथे पायी जाता येतं. नात आणि सूनबाई गेल्या. पावलांच्या ठशांशिवाय काही नव्हतं आणि सरड्याने शेपटी ओढत नेलेली एक लांब रेघ होती. याच टेकड्यांमध्ये पिअर्सन्स मिल्कव्हेच नावाची जांभळ्या फुलांची शेंगवर्गी वनस्पती आहे, ती अमेरिकेत दुसरीकडे कुठे आढळत नाही. तिच्यासाठी पर्यावरणवाले आणि गाडीवाले वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. सूनबाई वनस्पतीच्या बाजूच्या आहेत, पण ट्रेलर ओढून नेणाऱ्या घरात हे मोठ्याने म्हणत नाहीत.

आप्पांना आवडेल अशी गोष्ट टेकड्यांच्या दक्षिणेला आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा या वाळूतून सॅन डिएगोहून अ‍ॅरिझोनातल्या युमाला जायला रस्ताच नव्हता. म्हणून १९१५ मध्ये लोकांनी वाळूवर चक्क लाकडी फळ्या टाकल्या आणि वर्षभरात त्या खिळखिळ्या झाल्यावर दुसरा, तयार तुकड्यांचा फळ्यांचा रस्ता केला. वाळूने झाकला की घोडे लावून तुकडे उचलायचे आणि पुन्हा वर मांडायचे. एकाच गाडीपुरती रुंदी. समोरून दुसरी आली की कुणीतरी मागे जाऊन बाजूच्या फळीवर थांबायचं. कोण मागे जाणार यावरून वाद व्हायचे, म्हणजे थोडक्यात आपला आंबोली घाट. १९२६ मध्ये पक्का रस्ता झाला. जुन्या फळ्यांचे अवशेष कुंपण घालून ठेवले आहेत. चिरंजीवांनी फळ्या जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे बारा फोटो काढले आणि बायको-मुलांचा एकही नाही. रक्त कुठे जातं!

वाळूत चाकं उचलायला गुरूंची मनाई आहे. वाळूसाठी मागचे टायर बदलतात. त्यांना रबराची उभी वल्ही असतात आणि ती वाळू खोदत गाडीला रेटतात. चढावर नाक आधीच वर, त्यात हा रेटा, मग मागे जायला वेळ लागत नाही. चिरंजीवांनी मुकाट्याने ऐकलं. घरी ऐकत नाहीत, तिथे ऐकतात. ओल्ड्समोबील हिल नावाच्या मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी संध्याकाळी लोक खुर्च्या टाकून बसतात आणि चढणाऱ्यांची गंमत बघतात. तिथे चिरंजीव दोन तास बसून दुसऱ्यांच्या चुका काढत होते, तेवढ्यात सूनबाईंनी स्टोव्ह पेटवून पांढरा रस्सा केला. वारा फिरला. रस्सा खाताना दातांखाली कचकच लागत होती, पण नातू म्हणाला की कोल्हापूरचा असाच असेल, त्यावर काय बोलायचं ते आईंनीच फोनवर बोलावं. तांबड्यासाठी आणलेली कांदा-लसूण चटणी शेजारच्या तंबूतल्या मेक्सिकन कुटुंबाने टॉर्टियावर घेतली आणि बरणी पुसून परत केली. तेव्हा येणाऱ्याबरोबर आणखी एक किलो पाठवावी.

तिथल्याच गप्पांत कुणीतरी डग डोमोकॉस या माणसाचं नाव काढलं. चाक उचलून चालवणं म्हणजे व्हीली; त्याला सगळे व्हीली किंगच म्हणत. त्याने १९८४ मध्ये अ‍ॅलाबामातल्या टॅलडेगाच्या रेस ट्रॅकवर मोटरसायकल १४५ मैल एकाच चाकावर नेली. नातवाने लगेच किलोमीटर काढले: २३३. म्हणजे कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी पुढचं चाक उचलायचं आणि ते पुण्यात टेकायचं. मध्ये पेठनाक्यावर चहा नाही. चिरंजीव त्या रात्री तंबूत बराच वेळ जागे होते.

तशी या गाड्यांची शर्यतीतली चलती ओसरली आहे. डाकार रॅलीत क्वाडचा वेगळा वर्ग २००९ पासून होता. अर्जेंटिनाचे पात्रोनेली बंधू, मार्कोस आणि अलेहांद्रो, २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं, कधी हा तर कधी तो, याच रॅप्टर जातीच्या गाडीवर जिंकले. २०२४ नंतर तो वर्गच बंद केला. चिरंजीवांनी ही बातमी कुणीतरी घरचं गेल्यासारखी सांगितली. पात्रोनेलींच्या आईने काय सोसलं असेल, एवढंच सूनबाईंच्या मनात आलं. दोन्ही मुलं एकाच वेडाची.

बाकी क्षेम. नातीची परीक्षा चांगली गेली. नातवाने सोळा पूर्ण होण्याची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. सूनबाईंनी ते कॅलेंडर बदललं, त्याने नव्यावरही केली. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला या वर्षी तिळगुळाची जबाबदारी आपल्याकडे आहे, तेव्हा गूळ किती आणि तीळ किती ते आईंनी वाटीच्या मापात कळवावं, ‘अंदाजाने’ असं लिहू नये.

एक विनंती आप्पांना. गुरूंच्या गाडीच्या मागच्या दांडीवर जी घासपट्टी आहे, तशी चिरंजीवांनाही हवी आहे, आणि ती इथे घेण्यापेक्षा उद्यमनगरातून करून आणावी असं त्यांच्या मनात आहे. मापांचं ड्रॉइंग त्यांनी या पाकिटात घातलं होतं. ते सूनबाईंनी काढून ठेवलं आहे. फोनवर त्यांनी मापं सांगायला सुरुवात केली तर आप्पांनी ‘आवाज तुटतोय’ म्हणावं आणि फोन आईंकडे द्यावा.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
सूनबाई

ता. क. चिरंजीव डाव्या हाताने कळवतात की प्लेट ६ एमएम, लांबी ३०० एमएम, दोन टोकांना १० एमएमची भोकं, मधलं अंतर २४०, कडा गोल कराव्यात. हा ता. क. आईंच्या नजरेस पडू नये.